सेटिंग शिकलेला पोरगा शेजारी गेला, तरी पुढच्याला शिकवायचं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत जॉबवर्कचं शॉप, म्हणजे ग्राहकाच्या मालावर मजुरीनं मशीनिंग. ८ सीएनसी लेथ आणि ४ व्हीएमसी (दोन्ही कॉम्प्युटरवर चालणारी कटिंग मशीन्स), ४२ माणसं, दोन शिफ्ट. आयटीआय झालेल्या दोन पोरांना आठ महिने हाताशी धरून सेटिंग (नव्या जॉबसाठी, म्हणजे नव्या पार्टसाठी, मशीन जुळवून लावणं) शिकवलं आणि दोघंही तीन हजार जास्त मिळतात म्हणून दोन गल्ल्या सोडून पलीकडच्या शॉपमध्ये गेले. आता पुण्याच्या एका ट्रेनरनं कामगार आणि सुपरवायझर मिळून दोन दिवसांच्या वर्गाचे ९० हजार सांगितलेत. ते घालावेत का, आणि घातले तर माणसं टिकतील याची हमी काय?

हमी कुणीच देऊ शकत नाही. देणारा भेटला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. पण तुम्ही जाता जाता एक वाक्य लिहिलंय आणि माझ्या मते खरा प्रश्न तिथे आहे. ‘सुपरवायझर मात्र हिरा आहे, रात्री दोनला फोन केला तरी येऊन मशीन लावून देतो.’ रात्री दोन वाजता दुसऱ्या शिफ्टमधल्या एकालाही मशीन लावता येत नाही, हे त्या वाक्यात तुम्हीच सांगितलंय. पोरं का गेली हे बघायचं आहेच, पण या माणसाकडून शिकवण्याचं काम कसं करून घ्यायचं ते आधी बघायला हवं.

मी बरीच वर्षं शॉपफ्लोअरवर काढली आणि नंतर लहान-मध्यम कारखान्यांत सुपरवायझर तयार करण्याचं काम केलं. त्यामुळे पुढचं सगळं तुमच्या आकाराच्या शॉपपुरतं आहे. पाचशे माणसांच्या कंपनीत एचआर विभाग असतो, त्यांचं गणित निराळं.

पैशांपासून सुरुवात करू. गेलेल्या दोघांवर किती खर्च झाला ते तुम्ही बरोबर मांडलंय. राहिलेल्यांना जे येत नाही त्याचा खर्च मांडलेला नाही, तो तुमच्याच आकड्यांवरून काढता येतो. रोज साधारण ४ सेटिंग बदलतात आणि एकेकाला अडीच-तीन तास लागतात असं तुम्ही म्हणता. मशीनचा दर तासाला सरासरी ४०० धरला आणि प्रत्येक सेटिंगमागे एक तास वाचला, तर दिवसाचे ४ तास, २५ दिवसांचे १०० तास, म्हणजे महिन्याला ४० हजारांचं मशीन मोकळं होतं. तीन हजारांसाठी गेलेल्या पोराशेजारी हा आकडा ठेवून बघा. अर्थात त्या मोकळ्या तासांत टाकायला काम असेल तरच हे ४० हजार खरे. ऑर्डरच नसतील तर लवकर झालेल्या सेटिंगचे पैसे कुणी देत नाही. तुम्ही सुट्टीच्या दिवशीही ओव्हरटाइम लावता असं लिहिलंय, त्यावरून तुमच्याकडे हे तास विकले जातील असं मी धरतो.

रिजेक्शनचं मात्र जपून. महिन्याला २० हजार जॉब आणि साडेतीन टक्के रिजेक्शन म्हणजे ७०० जॉब. फोर्जिंग (ठोकून घडवलेला कच्चा तुकडा) ग्राहकाचं, बिघडलेल्या जॉबमागे १८० रुपयांनी डेबिट नोट, म्हणजे बिलातून कपात, येते, म्हणजे १ लाख २६ हजार. तुमची मजुरी गेली ती वेगळी. हा आकडा बघून बरेच मालक थेट ट्रेनिंगवर येतात. तिथे घाई करू नका. दोन आठवडे रिजेक्ट झालेल्या प्रत्येक जॉबला दोरीनं चिठ्ठी बांधा. मशीन, शिफ्ट, कुठली साईज गेली, आणि सेटिंग झाल्यापासून कितवा जॉब. मग ढीग वेगळे करा. काही जॉबवर फोर्जिंगलाच मटेरियल कमी असेल. काही इन्सर्ट (टूलची बदलता येणारी कटिंग टीप) आयुष्यापेक्षा जास्त चालवल्यामुळे गेले असतील, आणि ते कदाचित तुम्हीच ‘अजून पन्नास निघतील’ म्हणाल्यामुळे. उरलेले हाताचे. माझ्या पाहण्यात हाताचं रिजेक्शन दिवसभर पसरलेलं नसतं. सेटिंगनंतरचे पहिले चार-पाच जॉब आणि शिफ्ट बदलतानाचा अर्धा तास, एवढ्यातच त्याचा मोठा भाग सापडतो. म्हणजे शिकवायचं काय, तेही त्या ढिगानं सांगितलं. ‘क्वालिटी अवेअरनेस’ नावाचं दोन तासांचं भाषण त्यात कुठेच येत नाही.

शिकवून उपयोग नाही अशाही गोष्टी याच ढिगात निघतील. तीन मशीन्सला मिळून एकच बोअर गेज (भोकाचा व्यास मोजायचं साधन) असेल तर माणूस रांगेत उभं राहण्याऐवजी अंदाजानं जॉब सोडतो. सकाळी मशीन थंड असताना एक साईज आणि दुपारी दुसरी येत असेल तर वॉर्म-अप सायकल लावायला हवी किंवा बॉल स्क्रू (मशीनची स्लाइड सरकवणारा स्क्रू) बघायला हवा. मशीनवर चिकटवलेलं ड्रॉइंग जुन्या रिव्हिजनचं असेल तर कितीही हुशार माणूस चुकीचाच जॉब काढणार. आणि तुमचा पगार शिरोलीच्या चालू भावापेक्षा सरळसरळ कमी असेल तर आधी तो नीट करा. कमी पगार ट्रेनिंगनं झाकला जात नाही.

आता सुपरवायझर. तो तुमचा सगळ्यात चांगला सेटर होता, म्हणून तुम्ही त्याला सुपरवायझर केलं. आपल्याकडे दहापैकी नऊ ठिकाणी असंच होतं आणि त्यात गैर काही नाही. पण कामाचं नाव बदललं, काम तेच राहिलं. पोराचं सेटिंग अडलं की हा येतो, त्याला बाजूला सरकवतो, वीस मिनिटांत लावतो आणि जातो. पोरगा बाजूला उभा राहून बघतो. त्याला दिसते ती फक्त पाठ. विचारलं तर उत्तर ठरलेलं, ‘मी हाय की, तू कशाला काळजी करतोस.’

त्याच्यावर रागावू नका, त्याच्या जागेवरून बघा. शॉपमध्ये त्याची किंमत कशामुळे आहे? त्याच्याशिवाय मशीन लागत नाही, यामुळे. रात्री दोनला आला की दुसऱ्या दिवशी तुम्ही सगळ्यांसमोर पाठ थोपटता, दिवाळीला पाकीट जाड देता. उद्या चार पोरांना सेटिंग यायला लागलं तर त्याला रात्री कोण बोलावणार? शिकवलं की आपली किंमत कमी होते हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. तुमच्या शाबासकीतून तो ते शिकलाय. त्याला दोन दिवस हॉटेलच्या हॉलमध्ये बसवून लीडरशिपच्या स्लाइड दाखवल्यात तर तो मान डोलावेल, ग्रुप फोटोत उभा राहील आणि सोमवारी पुन्हा पोराला बाजूला सरकवेल.

म्हणून पहिला बदल फुकटातला आहे. त्याचं काम कशावरून मोजायचं ते बदला. भिंतीवर एक तक्ता लावा. उभ्या रांगेत माणसं, आडव्या रांगेत कामं: कुठलं मशीन, कुठला जॉब, मोजमाप, ऑफसेट (साईज जुळवायला मशीनमध्ये टाकायचा आकडा), पूर्ण सेटिंग. प्रत्येक चौकटीत एक वर्तुळ, चार पाव भाग. पहिला पाव भरला म्हणजे दुसऱ्याच्या देखरेखीखाली करतो, दुसरा म्हणजे चालू मशीन सांभाळतो, तिसरा म्हणजे एकट्यानं सगळं करतो, चौथा म्हणजे दुसऱ्याला शिकवू शकतो. वाहन उद्योगाला माल देणाऱ्यांना हा स्किल मॅट्रिक्स माहीत असतो, कारण ऑडिटर तो मागतो. (आणि ऑडिटच्या आदल्या संध्याकाळी एकाच पेननं सगळी वर्तुळं भरलेली मी इतक्या ठिकाणी पाहिलीत की आता हसूही येत नाही.) तुमचा तक्ता खरा ठेवा. वर्तुळ भरण्याआधी त्या माणसानं तुमच्यासमोर ते काम करून दाखवायचं. आणि सुपरवायझरची पुढची वाढ ठरवा ती त्याच्याशिवाय सेटिंग करू शकणारी माणसं किती वाढली त्यावर. हे त्याला एकट्याला बसवून, नीट शब्दांत, वाढीचा आकडा सांगून सांगा. आडून सुचवू नका.

दुसरी गोष्ट, त्याला शिकवायला शिकवा. काम येणं आणि शिकवता येणं ही दोन वेगळी कौशल्यं आहेत. दुसरं अंगभूत नसलं तरी शिकता येतं. त्यासाठी मी आजही जी पद्धत वापरतो ती दुसऱ्या महायुद्धातली आहे. १९४० ते ४५ या काळात अमेरिकेत कारखान्यांतली माणसं सैन्यात जात होती आणि शेतावरून, घरातून आलेली नवी माणसं मशीनवर उभी राहत होती. त्यांना झटपट तयार करण्यासाठी तिथल्या सरकारनं ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री हा कार्यक्रम चालवला. त्यात कामगारांसाठी वर्ग नव्हते. सुपरवायझरना तीन गोष्टी शिकवल्या जायच्या: काम कसं शिकवायचं, काम कसं सुधारायचं, माणसांशी कसं वागायचं. शिकवण्याचा कोर्स दहा तासांचा होता, दोन-दोन तासांच्या पाच बैठका. युद्धानंतर ही पद्धत जपानला गेली आणि टोयोटानं ती उचलली. तिच्यातलं एक वाक्य मी सुपरवायझरांना फळ्यावर लिहायला लावतो: शिकणाऱ्याला आलं नाही, म्हणजे शिकवणाऱ्यानं शिकवलं नाही.

पायऱ्या चारच आहेत. माणसाला तयार करा, म्हणजे त्याला आधी काय येतं ते विचारा आणि त्याची भीती घालवा. मग काम करून दाखवा. मग त्याच्याकडून करून घ्या. मग त्याला सोडा, पण येऊन बघत राहा. वाचायला हे बालिश वाटतं. अवघड भाग याच्या आधीचा आहे. कामाचे तुकडे पाडून, प्रत्येक तुकड्यात कुठे चुकतं आणि का, ते कागदावर लिहायचं.

उदाहरण म्हणून रोजचं काम घ्या, लेथवर वेअर ऑफसेट, म्हणजे टूलच्या झिजेसाठीचा ऑफसेट, देणं. तुमच्या सुपरवायझरला विचारलंत तर तो म्हणेल, ‘त्यात काय शिकवायचं? साईज जास्त आली की मायनस टाकायचं.’ आता तुकडे पाडा. जॉब काढला, त्यावरची चिप आणि कूलंट पुसला का? मशीनमधून निघालेला जॉब कोमट असतो, मायक्रॉनमधल्या टॉलरन्सला तसाच मोजला तर आकडा फसवतो. एकाच जागी मोजला की दोन जागी, म्हणजे टेपर (एका टोकाला व्यास जास्त) आहे का ते कळलं का? बाहेरचा व्यास ०.०२ जास्त आला तर एक्समध्ये, म्हणजे व्यासाच्या दिशेत, मायनस ०.०२. तोच बोअर ०.०२ कमी आला तर प्लस. नवा पोरगा इथे हमखास गोंधळतो, कारण त्यानं ‘मटेरियल राहिलं की मायनस’ एवढंच पाठ केलेलं असतं. त्याला टूल कुठल्या बाजूला सरकायला हवा ते हातात इन्सर्ट धरून दाखवा, चिन्ह पाठ करायची गरजच उरणार नाही. आणि शेवटचा तुकडा, जिथे जॉबच नाही तर कधी कधी टूलही जातो. फानुक कंट्रोलवर (मशीन चालवणारा कॉम्प्युटर) ‘इनपुट’ आणि ‘प्लस इनपुट’ अशी दोन बटणं शेजारी असतात. प्लस इनपुट आधीच्या आकड्यात भर घालतं, नुसतं इनपुट आधीचा आकडा पुसून नवा टाकतं. वेअरमध्ये आधी मायनस ०.१५ असताना पोरानं मायनस ०.०२ टाकून चुकीचं बटण दाबलं तर पुढचा जॉब काय साईजचा येईल ते तुम्हाला सांगायला नको. दशांश चिन्ह चुकलं तर त्याहून वाईट.

हे सगळं तुमच्या सुपरवायझरच्या बोटांत आहे, तोंडात नाही. ते कागदावर आणायला त्याला मदत लागेल. एका जॉबच्या सेटिंगचा असा कागद करायला पहिल्यांदा दोन-तीन तास जातात. तुम्ही शेजारी बसा आणि प्रत्येक ओळीला ‘का?’ विचारा. तो वैतागेल. सुरुवातीला सगळं नको, चिठ्ठ्यांच्या ढिगातून वर आलेले पाच जॉब घ्या. असे कागद तयार झाले की सेटर सोडून गेला तरी त्याचं निम्मं ज्ञान शॉपमध्ये राहतं. माणसं जाणार असतील तर शिकवण्याची किंमत वसूल करायचा याहून स्वस्त मार्ग मला माहीत नाही.

शिकवण्याची वेळ कामाच्या तासांतच ठेवा. सुट्टीच्या दिवशी बोलावलंत तर राधानगरीहून पहिली एसटी पकडून आलेला पोरगा ट्रेनिंगला शिक्षाच समजेल. आठवड्यातून दोनदा, एक मशीन, एक माणूस, पाऊण तास. सेटिंग चालू असतानाच शिकवायचं. त्या दिवशी सेटिंगला जास्त वेळ लागेल आणि तुमचा डिस्पॅच ओरडेल. ही ट्रेनिंगची खरी फी आहे, ट्रेनरच्या ९० हजारांहून तीच जास्त जड जाते. मालक पहिल्या महिन्यातच इथे माघार घेतो. ‘आज राहू दे, आज गाडी भरायची आहे.’ असं चारदा झालं की सगळ्यांना कळतं, हे नेहमीचंच.

हाच मुद्दा तुमच्यापर्यंतही येतो. तुम्ही व्यवस्थापनाच्या ट्रेनिंगबद्दल विचारलंय ते सुपरवायझरसाठी, पण शॉपमधलं मोठं नुकसान वरूनही येतं. रोज ४ सेटिंग का बदलतात, हे कधी बघितलंय का? अशा शॉपमध्ये प्लॅनिंगच्या वहीवर बसलो की बहुतेक वेळा चालू जॉब मध्येच मोडलेला दिसतो, कारण ग्राहकाच्या परचेसवाल्याचा फोन आला आणि मालकानं ‘संध्याकाळपर्यंत दीडशे पाठवतो’ म्हटलं. त्या दीडशेसाठी दोन सेटिंग गेली, एक लावायचं आणि एक परत आणायचं. म्हणजे पाच-सहा तास. ते पैसे ग्राहकाकडून मागितलेत का? लॉट केवढा घ्यायचा, घाईच्या मालाचा दर काय लावायचा, कुठल्या ग्राहकाला नाही म्हणायचं, हे मालकानं शिकायचे विषय आहेत. माझ्या अनुभवात सेटिंगमधले वाचणारे तास निम्मे कामगाराच्या हातातून येतात आणि निम्मे मालकाच्या फोनमधून. म्हणून ट्रेनिंगचं बजेट काढताना कॉस्टिंग आणि प्लॅनिंगच्या कोर्ससाठी स्वतःचंही नाव यादीत घाला. मालक स्वतः शिकायला बसलाय हे शॉपमध्ये दिसलं की सुपरवायझरचा विरोधही निम्मा होतो.

आता तुमची मूळ भीती, शिकून जातील त्याचं काय.

काही जातीलच. कुणाचं गाव लांब असतं, कुणाला पुणं खुणावतं, कुणाच्या घरी शेत आणि ऊस असतो. सेटिंग हे असं कौशल्य आहे की ते शिरोलीतल्या प्रत्येक शॉपला लागतं. तुम्ही शिकवलं त्या दिवशी त्या पोराचा बाजारभाव वाढला. तुम्ही त्याला जुन्याच भावावर ठेवलंत आणि शेजाऱ्यानं नवा भाव दिला. आठ महिने शिकवण्याचा खर्च तुमचा, आणि तीन हजार वाचवून फळ त्याच्या पदरात. माझं मत स्पष्ट आहे, वाढ शिकवण्याच्या आधी जाहीर करायची. तक्त्यावर तिसरा पाव भरला की अमुक, चौथा भरला की तमुक, पुढच्या पगारापासून. शेजाऱ्याइतकाच आकडा द्यायला हवा असं नाही. फरक हजार-पाचशेचा राहिला तर ओळखीची जागा, घराजवळचा रस्ता आणि ‘अजून पाच-अक्ष मशीन शिकायचं राहिलंय’ ही आशा पोराला धरून ठेवते. तीन हजारांचा फरक कुठलीच आशा भरून काढत नाही.

मोठ्या कंपन्यांनाही हे चुकलेलं नाही. सुमंत मुळगावकरांनी टेल्को (आजची टाटा मोटर्स) पुण्यात आणली तेव्हा ट्रक बाहेर पडायच्या बरीच वर्षं आधी तिथे प्रशिक्षण विभाग आणि टूल रूम (साचे आणि टूल बनवणारा विभाग) उभी राहिली होती. तिथे ॲप्रेंटिसशिप करून बाहेर पडलेली आणि पुढे भोसरीत स्वतःचं वर्कशॉप काढलेली माणसं आजही भेटतात. बाहेर पडलेला माणूस कधी सप्लायर होतो, कधी ग्राहकाकडचा क्वालिटीवाला. ४२ माणसांच्या शॉपनं या भरवशावर पैसे घालावेत असं मी म्हणणार नाही, पण गेलेल्याशी भांडण करू नये एवढं नक्की.

बाँडबद्दल तुम्ही विचारलंय. भारतीय करार कायद्याचं कलम २७ सांगतं की कुणाला व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार त्या मर्यादेत रद्दबातल. म्हणून ‘शिरोलीत दुसरीकडे दोन वर्षं काम करणार नाही’ असलं काही लिहून घेऊ नका. नोकरी चालू असताना अमुक काळ राहीन, नाहीतर प्रशिक्षणाचा खर्च भरेन, हे वेगळं. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षं नोकरी किंवा दोन लाख रुपये ही अट वैध धरली. पण ती सरकारी बँक, तिथला हुद्दा अधिकाऱ्याचा, आणि नव्यानं भरती करण्याचा त्यांचा खर्चही विचारात घेतला गेला. तुमच्या बाबतीत रक्कम वाजवी आणि खऱ्या खर्चाशी जुळणारी लागेल, आणि वसुलीसाठी कोर्टात जावं लागेल. वीस हजारांसाठी कोण जाणार? मी बाँडचा सल्ला एकाच वेळी देतो, जेव्हा तुम्ही एखाद्याला बाहेर पाठवून महागडं प्रशिक्षण देता आणि त्याची पावती तुमच्याकडे असते. तेव्हाही मुदत वर्ष-दीड वर्ष आणि दर महिन्याला उतरत जाणारी रक्कम. शब्दरचना वकिलाकडून करून घ्या. पोरांची मूळ प्रमाणपत्रं कपाटात ठेवून घेण्याची सवय आपल्या भागात अजून आहे, ती सोडा. ज्यानं कागद अडकवलेत त्याच्याकडे चांगला पोरगा मनानं कधीच राहत नाही.

शिकाऊ उमेदवारांचा मार्ग तुम्ही वापरत नसाल तर बघाच. ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ घेणं बंधनकारक आहे. तुमच्या ४२ माणसांना म्हणजे किमान एक, जास्तीत जास्त सहा. सरकारच्या शिकाऊ उमेदवारी पोर्टलवर नोंदणी करून करार केला की राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत सरकार विद्यावेतनाचा २५ टक्के वाटा, महिन्याला १,५०० रुपयांपर्यंत, उचलतं. शिकाऊ कायद्यानं कामगार मानला जात नाही, पण मशीनवर त्याला इजा झाली तर नुकसानभरपाईची जबाबदारी तुमचीच, हे लक्षात ठेवा. आणि त्याला स्वस्तातला ऑपरेटर समजून वर्षभर एकाच मशीनवर बटण दाबायला उभं केलंत तर वर्ष संपल्यावर तो जाईल आणि ‘शिकवून काय उपयोग’ असं तुम्ही पुन्हा म्हणाल. शिकाऊंनाही त्याच तक्त्यावर घ्या.

तर ९० हजारांचं काय? आत्ता त्या रूपात देऊ नका. कामगार आणि सुपरवायझर एकाच खोलीत दोन दिवस बसवणारा ट्रेनर दोघांनाही अर्धवट देतो, कारण सुपरवायझरला जे अडतं ते तो आपल्याच पोरांसमोर बोलणार नाही. ट्रेनरला फोन करून विचारा: दोन सलग दिवसांऐवजी पाच वेळा, प्रत्येकी दोन तास, आमच्या शॉपमध्ये, फक्त सुपरवायझर आणि तीन वरचे सेटर यांच्यासाठी याल का? दोन बैठकांमध्ये त्यांना खऱ्या जॉबवर शिकवायला लावाल का, आणि सहा आठवड्यांनी येऊन तक्ता बघाल का? हो म्हणाला तर ९० हजार जास्त नाहीत. नाही म्हणाला तर त्याच्याकडे स्लाइड आहेत एवढंच कळलं. तांत्रिक शिक्षणासाठी छत्रपती संभाजीनगरचं इंडो-जर्मन टूल रूम आहे, तिथले सीएनसीचे कोर्स बघा. नवीन मशीन घेताना कंपनीकडून मिळणारे ट्रेनिंगचे दिवसही पूर्ण वापरा. त्या खुर्चीवर पुतण्याला न बसवता मशीन चालवणाऱ्यालाच पाठवा.

उपयोग झाला की नाही हे ठरवायला फीडबॅक फॉर्म भरून घेऊ नका, त्यातून जेवण चांगलं होतं एवढंच कळतं. गुणवत्ता व्यवस्थापनाच्या आयएसओ ९००१ या मानकाचं कलम ७.२ सुद्धा ट्रेनिंगचा परिणाम तपासायला सांगतं, हजेरीपट धरून ठेवून ते पुरं होत नाही. आजच तीन आकडे लिहून ठेवा: सेटिंगचा सरासरी वेळ, चिठ्ठ्यांवरून आलेलं हाताचं रिजेक्शन, आणि महिन्यात सुपरवायझरला रात्री किती फोन गेले. तीन महिन्यांनी परत लिहा. पहिल्या महिन्यात सेटिंगचा वेळ वाढलेला दिसेल, घाबरू नका, पोरं स्वतः लावायला लागली म्हणून तो वाढतो. तिसऱ्या महिन्यातही कमी झाला नसेल तर पद्धत थांबवा आणि कुठे अडतंय ते बघा.

राहिले ते दोघं. त्यांना फोन करा, तुम्ही स्वतः. परत या असं सांगायला नको, फक्त विचारा की पैशाशिवाय अजून काय होतं. नोकरी सोडताना कुणी खरं सांगत नाही, दोन-तीन महिन्यांनी सांगतात. त्यात सुपरवायझरचं नाव निघालं तर आश्चर्य वाटून घेऊ नका, आणि ते त्याच्या तोंडावर फेकूही नका. त्यातला एखादा परत येतो म्हणाला तर घ्या. मात्र आज तुमच्याकडे राहिलेल्या, तेवढंच काम येणाऱ्या माणसापेक्षा त्याला एक रुपयाही जास्त देऊ नका, आणि द्यावाच लागत असेल तर राहिलेल्याचा पगार आधी वाढवा.